आत्याच्या बरणीतलं शेंदेलोण

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, देवापुढेही कधी तोंड उघडून बोलले नाही. त्याला सगळं माहीत असतं म्हणून नव्हे — स्वतःच्या कानांवर पडेल म्हणून. आज तुम्हाला का सांगते आहे? खरंच ठाऊक नाही. एवढ्या चार ओळी लिहिल्या आणि उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता. मला माहीत होतं तो बंद आहे.

तर बसते आता. गोष्ट तशी लहान आहे, एका बरणीएवढी. पण सुरुवात कुठून करू? माझ्यापासून केली तर मी लगेच स्वतःची बाजू घ्यायला लागेन, मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून मामाजींपासून करते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा शेर-मण जाऊन किलो नुकते येऊ लागले होते. हे पक्कं आठवतं, कारण मामाजी कापसातली सरकी काढणाऱ्या एका कारखान्यात, जिनात, वजनकाट्यावर होते आणि नव्या वजनांवरची त्यांची कुरकुर जेवताखाता चालायची. उंच, रुंद माणूस. पण मी पाहिले ते आजारीच. त्यांच्या मूत्रपिंडांनी माझ्या लग्नाआधीच कुरबुर सुरू केली होती. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, संध्याकाळी पाय जड. डॉक्टर काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे, आणि नळीत वरच्या बाजूला दुधासारखं पांढरं जमायचं. ते पांढरं म्हणजे अंगातलं सत्त्व, जे अंगात राहायला हवं ते बाहेर चाललं आहे, असं त्यांनी आम्हाला समजावलं होतं. आज जी यंत्रं आहेत ती तेव्हा कोणी ऐकलीही नव्हती. औषध थोडं, पथ्य फार, आणि लक्ष ठेवायचं — एवढाच इलाज होता.

ते लक्ष ठेवणं म्हणजे घरातला एक मोठा उद्योगच होता. पाणी मोजून द्यायचं, एका ठरलेल्या तांब्यानं. लघवी बाटलीत धरायची आणि खुणेच्या किती खाली-वर आहे ते बघायचं. आठवड्याला त्यांना रिक्षात घालून जिनात न्यायचं आणि ज्या काट्यावर त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचा कापूस तोलला, त्याच काट्यावर त्यांना उभं करायचं. हमाल हसायचे, कापसासारखी बाबूजींचीही गाठ बांधा म्हणायचे, तेही हसायचे. एरवी घरात कुणाचं वजन वाढलं की बाया खूश होतात. आमच्याकडे वाढलं की सगळ्यांचे चेहरे पडत, कारण ते वाढलेलं वजन पाण्याचं असे.

आणि रोज सकाळी पाय दाबून बघायचा. नडगीवर अंगठा रोवायचा, थोडा वेळ तसाच धरायचा, मग उचलायचा. खळगा पडला आणि तसाच राहिला तर सूज आहे. हे काम माझ्याकडे आलं, मी मॅट्रिक झालेली म्हणून. त्याचा मला केवढा मान वाटायचा! नवी सून, आणि सगळं घर माझ्या अंगठ्याकडे बघत उभं.

मिठाचं सांगायला हवं. डॉक्टरांनी मीठ अगदी बंद केलं होतं. सासूबाई हिशेबी बाई. त्यांनी ठरवलं की चूल एकच, स्वयंपाकही एकच, तो सगळाच अळणी. मामाजींचं जेवण आधी व्हायचं. मग सासूबाई कमरेची किल्ली काढून कपाट उघडत, मिठाची बरणी बाहेर येई आणि आम्ही आपापल्या ताटात वरून मीठ घालून घेत असू. जेवणं झाली की बरणी पुन्हा कुलपात. आलेले पाहुणे गडबडून जायचे. आम्हाला सवय झाली होती.

आता अंजनाआत्या. मी इतका वेळ तिला टाळते आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

अंजनाआत्या मामाजींची धाकटी बहीण. तरुणपणीच विधवा झाली, मूलबाळ नाही, तेव्हापासून भावाकडेच. बारीक, सावळी, सारखी काहीतरी गुणगुणणारी. मी यायच्या आधी मामाजींचं जेवण तीच करायची. आणि काय करायची! मिठाशिवाय जेवण म्हणजे कागद चावण्यासारखं, पण आत्याला त्याची हातोटी सापडली होती. कुठे लिंबू पिळायचं, कुठे जिरं करपेपर्यंत भाजायचं, कुठे कैरी, कुठे ठेचलेला लसूण. मामाजी ताट पुसून खायचे. मग मी आले, आणि सासूबाई म्हणाल्या की आता चूल सुनेनं सांभाळायची. आत्या बिचारी पदर सावरत बाजूला झाली, मला सगळं दाखवायलाही तयार होती. मी म्हणाले, येतं मला. अकोल्यात माझ्या आईच्या हातच्या जेवणासाठी लोक निमित्तं काढून यायचे, मी काय हिच्याकडून शिकू?

मामाजी दोन घास खाऊन ताट सरकवायचे. रोज. सरकवायचे आणि पाणी किती उरलं आहे ते तांब्यात वाकून बघायचे. आणि मग आत्या हळूच त्यांच्याजवळ जाऊन बसायची, लिंबाची फोड पुढे करायची, आणि ते आणखी चार घास खायचे. तिच्या फोडीमुळे. माझ्या वरणामुळे नाही.

तुम्हाला वाटेल, पुढे काय झालं ते कळलं — पोरीला म्हाताऱ्याची दया आली. तसं समजू नका. मीही कितीतरी वर्षं स्वतःला हेच सांगून पाहिलं. दया नव्हती हो. मला माझं नाव हवं होतं. त्या बाईच्या लिंबाच्या फोडीचा मला राग आला होता, एवढंच खरं आहे.

मीठ कुलपात होतं. पण घरात दुसरं एक मीठ होतं. आत्याचे उपास फार — सोमवार, एकादशी, चतुर्थी — आणि उपासाला साधं मीठ चालत नाही, शेंदेलोण लागतं. ते तिच्या कोपऱ्यात, देवाच्या कोनाड्याशेजारी, एका छोट्या चिनी मातीच्या बरणीत असे. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेहून ती खडे आणायची, कुटायची, आणि ते तिला वर्षभर पुरायचं. त्या बरणीला कुलूप नव्हतं. कारण घरात कुणाच्याच डोक्यात ते मीठ म्हणून नव्हतं. ते उपासाचं. उपासाला जे चालतं ते मीठ कसं असेल?

मीही तसंच म्हणू शकले असते. मला ठाऊक नव्हतं, नवी होते, चुकून झालं. पण — आणि हे लिहिताना हात थांबतो — मला ठाऊक होतं. माझ्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा नवऱ्याला कचेरीतून सुटी मिळाली नाही म्हणून मामाजींबरोबर दवाखान्यात मी गेले होते. मामाजी बाहेर बाकावर बसलेले असताना मी हुशारी दाखवत डॉक्टरांना विचारलं, शेंदेलोण चालेल का? डॉक्टरांनी नळीवरून नजरही उचलली नाही. म्हणाले, "उपासाला चालत असेल बाई, मूत्रपिंडाला चालत नाही. मीठ ते मीठच."

हे मी घरी येऊन सांगितलं नाही. त्या दिवशी मुद्दाम लपवलं असंही नाही, रिक्षातून उतरताना राहून गेलं. पण पुढे ते राहूनच दिलं. सांगितलं असतं तर ती बरणीही कुलपात गेली असती ना?

एका दुपारी आत्या देवळात गेली होती. मी वात घ्यायला म्हणून कोनाड्याकडे गेले आणि बरणीत बोटं घातली. चिमूटभर. तुरीच्या वरणात टाकलं, बोटावर घेऊन चाखलं. इतकं अंधूक की कुणाला कळू नये, आणि तरी वरण वरणासारखं लागावं. मामाजींनी पहिला घास घेतला आणि ते थांबले. मग त्यांनी वाटी तोंडाला लावली. सगळी. आणि सगळ्यांदेखत — आत्याही तोवर देवळातून येऊन दारात उभी होती — म्हणाले, "आज पोट भरलं वं पोरी. अंजनाच्या हातालेही अशी चव नाई."

आत्या हसली. मनापासून हसली, ते मी बघितलं. आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

मग रोजच. चिमटीची दोन बोटं होती ती तीन झाली. वरणात होतं ते भाजीतही गेलं. बाकीचे वरून मीठ घालून घेत, म्हणून त्यांना फरक कळत नसे. मामाजींचा चेहरा भरला, सासूबाई शेजारणींना सांगू लागल्या की सुनेच्या हातानं ह्यांचं जेवण वाढलं. चेहरा कशानं भरत होता ते मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. रोज सकाळी अंगठा तर माझाच होता.

ऐका, हे मला सगळ्यात जास्त छळतं. एका सकाळी मी नडगी दाबली आणि खळगा पडला, तो भरेना. बोराएवढा खळगा, तसाच. सासूबाई मागे उभ्या होत्या. मी पदर पुढे घेतला आणि म्हणाले, काही नाही, ठीक आहे. दुसऱ्या दिवसापासून मी अंगठा हलका ठेवू लागले. दाबल्यासारखं करायचं, दाबायचं नाही. खळगा पडतच नसे मग. मामाजींना ते कळलं असेल का? पाय त्यांचा होता. ते माझ्याकडे बघायचे, आणि मी त्यांच्या नजरेला नजर देत नसे.

अंगठा मी हलका ठेवू शकत होते. जिनातला काटा कसा ठेवणार? त्या आठवड्यात काटा असा काही झुकला की हमाल हसले नाहीत. नवऱ्यानं वजनं काढून पुन्हा लावून पाहिली. तिथूनच रिक्षा दवाखान्याकडे वळवली. नळी तापवली तर अर्धी नळी पांढरी. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला एवढंच विचारलं की घरात ह्यांना मीठ कोण देतं?

घरी आल्यावर नवऱ्यानं तेच विचारलं. सासूबाईंनी आधी आपलं कपाट उघडलं. त्यांची बरणी जिथल्या तिथे, जशीच्या तशी. मग त्यांची नजर फिरत फिरत कोनाड्याकडे गेली. त्यांनी आत्याची बरणी उतरवली, झाकण काढलं आणि सगळ्यांपुढे तिरकी धरली, तशी उरलीसुरली पूड जमिनीवर सांडली. कार्तिकात भरलेली बरणी, आणि अजून होळीही आली नव्हती. तळ दिसत होता.

"अंजनाबाई, हे कुठी गेलं?"

आत्या गोंधळली. बोटांवर आपले उपास मोजायला लागली — सोमवार, एकादशी... मोजता मोजता अडली. मग म्हणाली, "मले काय मालूम वयनी? अन् हे तं उपासाचं मीठ हाय. ते काय मीठ असते काय?"

झालं. तिला म्हणायचं होतं की ही बरणी बघून काय करता, हिचा काय संबंध. पण त्या वाक्यानं सगळ्यांना उत्तर मिळालं. हिला वाटलं हे मीठच नाही, म्हणून भावाच्या मायेनं घालत राहिली! किती सरळ दिसत होतं ते. तिला कुणी दुष्टसुद्धा म्हटलं नाही. सासूबाई डोक्याला हात लावून बसल्या. मामाजी खाटेवरून बहिणीकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "काहून केलं तू असं, अंजना?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. मी तिच्या बाजूनं काही बोलेन, ह्या आशेनं. रोज चुलीपाशी मी असायचे, तिनं भांड्याला हात लावला नाही हे मलाच तर माहीत होतं.

मी खाली वाकून जमिनीवर सांडलेलं शेंदेलोण पदरानं गोळा करत राहिले.

आठ-पंधरा दिवसांत तिला अकोल्याला पोचवलं, तिच्या दिवंगत नवऱ्याच्या पुतण्याकडे. तिथे तिला कुणी टाकून बोलत नव्हतं, पण ते तिचं घर नव्हतं. जाताना तिनं बरणी नेली नाही. लुगडी आणि देव एवढंच नेलं. स्टँडवर मीही गेले होते. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि मामाजींना लिंबू देत जा म्हणाली.

आणि आता त्याहून हलकी गोष्ट सांगते. तुम्ही इथवर आला आहात तर तीही ऐका. आत्या गेल्यावर मी मीठ बंद केलं, अर्थातच. मामाजी पुन्हा दोन घासांवर आले. तेव्हा सासूबाई एका शेजारणीला म्हणाल्या, "चव सुनेच्या हाताची नोतीच मुळी, अंजनाच्या मिठाची होती." मी चुलीपाशी होते. अंग नुसतं पेटलं. त्या क्षणी खरं माझ्या ओठांवर आलं होतं — शपथेवर सांगते, अगदी ओठांवर. आत्याला सोडवायला नाही. चव माझी होती हे सांगायला.

मग तेही गिळलं.

मामाजी पुढचा उन्हाळा काढू शकले नाहीत. शेवटी शेवटी ते पाण्यासाठी तळमळायचे, आणि पाणी मोजून असायचं, आणि ते मोजणारी मीच. आत्याला बोलवा म्हणायचे. ती येऊन पोचली तेव्हा त्यांना तिला ओळखता आलं नाही. माझ्या मिठानं ते गेले का? डॉक्टर म्हणाले होते की हा आजार कधीतरी नेणारच. पण कधीतरी आणि तेव्हा, ह्या दोहोंत जे अंतर असतं ते कोण मोजणार? मी मोजायचा प्रयत्न केला आहे. मोजता येत नाही. मला स्वतःला सुटकाही देता येत नाही आणि फाशीही, आणि ह्या लटकण्यानं मी आजही एका जागी फार वेळ बसू शकत नाही.

अजून एकच सांगायचं राहिलं. त्यानंतरच्या थंडीत मी माहेरी अकोल्याला गेले होते. आई म्हणाली, आत्याला भेटून ये, बरं दिसत नाही. गेले. पुतण्याच्या घरी मागच्या पडवीत तिची चूल होती. मला बघून किती आनंदली! जेवल्याशिवाय सोडीना. तुरीच्या हिरव्या दाण्यांची, सोल्यांची आमटी केली, ज्वारीची भाकर केली, मला वाढलं आणि स्वतःचं ताट वेगळं घेतलं. तिनं माझ्यासाठी आमटीत मीठ घातलं, पण स्वतःची वाटी त्याआधीच काढून ठेवली होती. मी विचारलं, उपास आहे का?

"उपास नाई वं," ती म्हणाली. "मीठ सोडलं म्या. दादा गेला तवापासून."

आणि मग सांगू लागली. भाकर मोडत, शांतपणे. तिनं खूप आठवून पाहिलं म्हणे. तिला काही आठवत नाही, पण झालं असेल तिच्याच हातून. "दादाच्या ताटापाशी मीच तं बसत होती. हाताले लागलं असन, फोडीले लागलं असन. अख्खं घर खोटं बोलन काय?"

बघा, तिला घराबाहेर काढलं ते मी समजू शकत होते. पण तिच्या आत, जिथे तिला स्वतःचं निर्दोष असणं माहीत होतं, तिथूनही मी तिला बाहेर काढलं होतं. आता बोलायचं होतं. पडवीत आम्ही दोघीच होतो. मामाजी नव्हते, सासूबाई नव्हत्या, भ्यायचं कुणाला? एक वाक्य होतं. ती कदाचित रडली असती, कदाचित मला हाकलून दिलं असतं, आणि कदाचित त्या संध्याकाळी मीठ घालून जेवली असती.

तिनं माझ्या वाटीकडे पाहिलं. जरा काळजीनं विचारलं, "मीठ बराबर हाय का वं, पोरी? मी चाखून नाई पायत आता."

मी म्हणाले, बरोबर आहे. आणि आणखी आमटी वाढून घेतली.